धक्का कोणाचा, होडी कोणाची?

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरले, की उत्तनकडे जाणारा रस्ता लागतो. वाटेत मुर्धे येते, मग राई, मग मोर्वे. बाजूला खाडी आणि मिठागरांची जमीन. हा धडा आम्ही राईच्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पण तो कोणत्याही गावच्या माणसाला उपयोगी पडेल.

धडा फोनचा आहे. आज फोनवाचून कोणाचे चालते? मासळी विकणारी बाई टोपलीशेजारी पैसे घेण्याचे स्कॅनर ठेवते. परगावी गेलेल्या मुलाचे तोंड फोनवर दिसते. बँकेचा निरोप फोनवर येतो. शाळेची सूचनाही फोनवरच येते. म्हणून फोन कोणाच्या हाती आहे, हे आपल्याला कळले पाहिजे.

१. मावशी आणि दादा

समजा, वाचनवर्गात रिचार्जची गोष्ट निघाली. मावशी म्हणाल्या, "मागच्या वेळेपेक्षा पैसे जास्त घेतले. कंपनी मोठी झाली, की असंच करणार. सरकारनं तिचे तुकडे करावेत. म्हणजे भाव आपोआप उतरेल."

शेजारी दादा बसले होते. त्यांचा टेम्पो आहे. ते म्हणाले, "मावशी, तुकडे केले आणि फोनच बंद पडला तर? माझं गिऱ्हाईक फोनवर. माझे पैसे फोनवर. कंपनी मोठी आहे म्हणून तर सगळीकडे चालते."

मंडळी, कोणाचे खरे? दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पुरते खरे काय, ते आपण पाहू या.

२. मक्तेदारी म्हणजे काय?

मक्ता हा शब्द तुम्हाला माहीत आहे. बाजाराची वसुली करण्याचा मक्ता एकाला दिला, म्हणजे दुसऱ्याला ती वसुली करता येत नाही. एखाद्या मालाचा किंवा कामाचा सगळा धंदा एकाच्याच हाती गेला, की त्याला मक्तेदारी म्हणतात.

आता एक खाडी डोळ्यांपुढे आणा. पलीकडे जायला होडीशिवाय उपाय नाही, आणि होडीवाला एकच आहे. तो दहा रुपये मागेल तर दहा द्यावे लागतील. वीस मागेल तर वीस. होडी गळकी असली तरी तीतच बसायचे. तो म्हणेल त्या वेळी निघायचे. रागावून जाणार कुठे? पाण्यातून चालत तर जाता येत नाही!

मग गावकरी म्हणतात, "याच्या पाच होड्या पाच जणांत वाटा." वाटल्या. पण धक्का मात्र जुन्या मालकाकडेच राहिला. कोणाची होडी धक्क्याला लागायची, हे तोच ठरवतो. मग काय होईल? होड्या पाच झाल्या, पण सत्ता एकाचीच राहिली.

किंवा दुसरे असे होईल. पाच होड्या पाच वेगवेगळ्या खाड्यांवर पाठवल्या. आता प्रत्येक खाडीवर पुन्हा एकच होडी! एका मोठ्या मक्त्याचे पाच छोटे मक्ते झाले. आपल्या खाडीवरच्या माणसाला काय मिळाले? काहीच नाही.

ही होडीची गोष्ट मनात ठेवा. पुढे ती कामी येईल.

३. मिठाचा मक्ता

मक्तेदारी नेहमी कंपनीचीच असते असे नाही. सरकारचीही असते. मिठागराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको.

इंग्रजांच्या राज्यात परवान्याशिवाय मीठ तयार करणे हा गुन्हा होता. समुद्र आपला, ऊन आपले, कष्ट आपले, पण मिठावर कर सरकारचा. मीठ गरिबालाही लागतेच. म्हणून कर गरिबालाही चुकत नसे. १९३० साली गांधीजींनी दांडीला जाऊन हा कायदा मोडला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक गेले. कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. मिठावरचा तो कर अखेर १९४७ साली उठला.

यातून एक गोष्ट कळते. ज्या वस्तूवाचून चालत नाही, तिचा मक्ता सर्वांत जास्त बोचतो. तेव्हा ती वस्तू मीठ होती. आज फोनही तशाच वस्तूंत आला आहे.

४. आपल्याकडचा फोन कसा बदलला?

मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला. पुढे देशातला टेलिफोनचा कारभार सरकारच्या हाती गेला. दुसरा फोनवाला नव्हताच. १९८६ साली मुंबई आणि दिल्ली या शहरांसाठी एमटीएनएल ही सरकारी कंपनी निघाली. पण मक्ता सरकारचाच राहिला. घरी फोन हवा असेल तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे.

१९९४ साली सरकारने नवे धोरण ठरवले. १९९५ मध्ये मोबाइल फोन आला. मुंबईत सुरुवातीला दोन खाजगी कंपन्या होत्या. मग भाव लगेच उतरले का? नाही! तेव्हा एका मिनिटाच्या बोलण्याला सोळा रुपयांपर्यंत पडत. आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. बघा मंडळी, एकाच्या जागी दोन झाले, तरी गरिबाला फोन परवडत नव्हता.

मग भाव उतरला कसा? एका कारणाने नाही. तीन-चार गोष्टी एकामागून एक घडल्या.

पहिली गोष्ट. १९९७ मध्ये 'ट्राय' हे मंडळ नेमले. हे फोनच्या धंद्याचे पंच. त्याआधी सरकारी खातेच फोन चालवी आणि नियमही तेच करी. खेळाडू आणि पंच एकच! पुढे १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारने फोन चालवण्याचे काम खात्यातून वेगळे काढले आणि बीएसएनएल ही कंपनी केली.

दुसरी गोष्ट. आणखी कंपन्यांना वाट मोकळी झाली. २००१ मध्ये मुंबईत एमटीएनएलने स्वतःचा मोबाइल काढला. मग इतर आल्या. २००२ मध्ये परदेशी बोलण्याचा व्हीएसएनएल या कंपनीचा मक्ताही संपला.

तिसरी गोष्ट. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला लागलाच पाहिजे, असा नियम राहिला. हे फार महत्त्वाचे आहे. हा नियम नसता तर नवी कंपनी जन्मताच मेली असती. जिच्या फोनवरून मामाला फोन लागत नाही, तिचे सिम कोण घेईल? २००३ मध्ये नियम बदलले, आणि आलेला फोन फुकट झाला.

चौथी गोष्ट. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडावा लागे. ज्या नंबरवर सारी गिऱ्हाइके बोलतात तो नंबर दादा कसे सोडणार? म्हणून कंपनी नकोशी झाली तरी माणूस तिथेच अडकून पडे. आता नंबर गिऱ्हाइकासोबत जातो.

आणि पुढे काय झालं? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ ही कंपनी मोठे भांडवल घेऊन उतरली. त्याआधी एक जीबी इंटरनेटला दोनशे रुपयांच्या वर पडत. दोन वर्षांत ते दहा-बारा रुपयांवर आले. गिऱ्हाईक खूश झाले. पण या चढाओढीत कित्येक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया या कंपन्या एक झाल्या. डझनभर कंपन्या होत्या, त्यांतून तीन मोठ्या खाजगी आणि एक सरकारी एवढ्याच उरल्या. मग २०१९, २०२१ आणि २०२४ साली या खाजगी कंपन्यांनी भाव वाढवले. २०२४ च्या जुलैत ही वाढ सुमारे ११ ते २५ टक्के होती.

तेव्हा मावशींचे म्हणणे खोटे नाही. दुकाने कमी झाली, की दुकानदाराची जीभ जड होते.

५. कंपनी खरोखर फोडली तेव्हा

आता तुकड्यांची गोष्ट. ती अमेरिकेत घडली. तिथे ए. टी. अँड टी. नावाची टेलिफोन कंपनी होती. जवळजवळ सारा देश तिच्या तारांवर बोले. घरातले फोनचे यंत्रही बहुतेक लोक तिच्याकडूनच भाड्याने घेत.

१९७४ साली तिथल्या सरकारने तिच्यावर दावा लावला. तो सात वर्षांहून जास्त चालला. मग तडजोड झाली. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनी फुटली. दूरच्या गावी बोलण्याचे काम जुन्या कंपनीकडे राहिले. गावातल्या गावात बोलण्याचे काम सात वेगळ्या कंपन्यांना मिळाले. या साती कंपन्यांना देशाचे वेगवेगळे भाग वाटून दिले.

फायदा झाला का? दूरच्या बोलण्यात झाला. तिथे दुसऱ्या कंपन्या उतरल्या आणि भाव चांगलाच खाली आला. पण घरच्या फोनचे महिन्याचे बिल वाढले. असे का झाले? आधी कंपनी दूरच्या बोलण्यावर जास्त कमाई करी आणि त्यातून गावातला फोन स्वस्त ठेवी. ती सोय गेली. शिवाय गावातला फोन चालवणारी कंपनी त्या त्या भागात एकच राहिली.

आली ना खाड्यांची गोष्ट ध्यानात? सात होड्या, सात खाड्या! जिथे दुसरी होडी आली तिथे भाडे उतरले. जिथे आली नाही तिथे उतरले नाही.

आणखी एक गंमत. पुढे हे तुकडे एकमेकांना विकत घेऊ लागले. २००५ मध्ये त्या सातांतल्याच एका कंपनीने जुन्या ए. टी. अँड टी.ला विकत घेतले आणि तिचेच नाव लावले. म्हणजे एकदा फोडून काम संपत नाही. पंचाने नंतरही डोळे उघडे ठेवावे लागतात.

६. फुकट मिळते, मग तक्रार कसली?

दादा विचारतील, "रिचार्जचं ठीक आहे. पण गूगल आणि व्हॉट्सॲप तर फुकट आहेत. त्यांच्या मोठेपणानं माझं काय बिघडलं?"

फुकट म्हणजे कोणीच पैसे देत नाही असे नव्हे. या कंपन्यांची मोठी कमाई जाहिरातींची आहे. साबणवाला जाहिरातीचे पैसे कंपनीला देतो आणि ते साबणाच्या किमतीत धरतो. ती किंमत आपणच देतो. शिवाय आपण काय शोधतो, कुठे जातो, काय पाहतो, याची माहिती आपण देत असतो. ती माहिती हेच आपले भाडे.

२०२१ साली व्हॉट्सॲपने माहितीबद्दल नवी अट घातली. मान्य करा, नाहीतर चालते व्हा, असा तिचा अर्थ होता. आता व्हॉट्सॲप सोडून माणूस जाणार कुठे? सारी नाती तिथेच. आपल्या देशात अशा गोष्टींवर नजर ठेवणारा स्पर्धा आयोग आहे. त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये या अटीबद्दल मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. वरच्या न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाच्या आदेशाचा काही भाग रद्द केला, पण दंड कायम ठेवला.

गूगललाही या आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७ कोटींच्या वर दंड केला होता. फोन बनवणाऱ्यांवर गूगलने घातलेल्या अटी आयोगाला गैर वाटल्या. त्यानंतर २०२३ मध्ये, फोनवर माहिती शोधायला कोणते साधन ठेवायचे हे निवडण्याची सोय गूगलने इथल्या लोकांसाठी जाहीर केली. इथे कंपनी फोडली नाही, नुसते कुलूप काढायला सांगितले.

अमेरिकेतही हाच वाद चालला आहे. तिथल्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये म्हटले, की माहिती शोधण्याच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली. सरकार म्हणाले, गूगलने आपले क्रोम विकून टाकावे. क्रोम म्हणजे फोनवर इंटरनेटची पाने उघडण्याचे साधन. पण सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी विकायला लावले नाही. दुसऱ्यांना बाहेर ठेवणारे करार करू नका आणि काही माहिती स्पर्धकांना द्या, असे सांगितले. मेटापासून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप वेगळे करा, असा सरकारचा दुसरा दावा होता. तो नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार हरले.

७. पैशाचा धक्का

आता आपल्या मासळीवाल्या बाईकडे परत येऊ. ती एकाच स्कॅनरवर सर्वांचे पैसे घेते. गिऱ्हाइकाकडे फोनपे असो, गूगल पे असो, की भीम असो. पैसे तिच्या बँकेत पोचतात. हे कसे होते?

याखाली यूपीआय नावाची एक व्यवस्था आहे. ती २०१६ मध्ये सुरू झाली. ती एनपीसीआय ही संस्था चालवते. बँकांनी मिळून उभारलेली ही संस्था आहे. यूपीआय म्हणजे सर्वांचा धक्का समजा. फोनपे, गूगल पे, भीम या त्याला लागणाऱ्या होड्या. एक होडी आवडली नाही तर दुसरीत बसा. बँक तीच, पैसे तेच.

तरी इथेही दोन होड्याच फार मोठ्या झाल्या. फोनपे आणि गूगल पे मिळून शंभरांतले ऐंशीहून जास्त व्यवहार होऊ लागले. म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात ठरले, की एका ॲपवर एकूण व्यवहारांतले ३० टक्क्यांहून जास्त नसावेत. पण ही मुदत पुढे ढकलावी लागली. २०२४ च्या डिसेंबरात ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. कारण उघड आहे. "तुझे आवडते ॲप आता बंद," असे कोट्यवधी लोकांना एकदम सांगितले, तर त्रास लोकांनाच होणार. हीच दादांची भीती होती. तीही खोटी नाही.

८. मग उत्तर काय?

मोठी कंपनी फोडली तर गिऱ्हाइकाचा फायदा होतो का? आमचे उत्तर असे आहे. नुसती फोडून होत नाही. फोडल्यावर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता आले, तरच होतो.

म्हणून कोणी म्हणाले, की अमुक कंपनीचे तुकडे करा, तर तीन प्रश्न विचारा.

एक, तुकडे केल्यावर माझ्या खाडीवर दुसरी होडी येईल का?

दोन, जाताना माझे सामान बरोबर नेता येईल का? सामान म्हणजे माझा नंबर, माझे पैसे, माझी माहिती.

तीन, धक्का कोणाचा? तो एकाच होडीवाल्याचा असेल तर आधी तो सोडवला पाहिजे. कधी त्यासाठी कंपनी फोडावीही लागेल. धक्का आणि होडी वेगळी करणे, हे फोडणे कामाचे आहे.

दार उघडे ठेवणे हे पंचाचे काम. पण दारातून बाहेर पडणे हे आपले काम. कोणीच कंपनी बदलत नसेल, तर कंपनीला धाक कसला?

कंपनी बदलायची कशी?

संदेश लिहिण्याच्या जागी इंग्रजीत 'पोर्ट' शब्द लिहा. थोडी जागा सोडा. मग आपला दहा आकडी नंबर लिहा आणि तो संदेश १९०० या नंबरवर पाठवा. आठ अक्षरांचा एक कोड येईल. तो चार दिवस चालतो. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. जुन्या कंपनीकडे निदान ९० दिवस झालेले असावेत, आणि बिलाची बाकी नसावी. हा कोड फोनवर कोणा अनोळख्याला सांगू नका.

शब्दांचे अर्थ

मक्तेदारी : सगळा धंदा एकाच्याच हाती असणे
स्पर्धा : चढाओढ
भांडवल : धंद्यात घातलेला पैसा
तडजोड : दोघांनी थोडे थोडे सोडून केलेला समझोता
न्यायाधिकरण : ठराविक प्रकारचे वाद ऐकणारे न्यायालय

विचार करा आणि लिहा

१. १९९५ साली दोन कंपन्या असूनही फोन महाग का होता?
२. अमेरिकेत दूरचे बोलणे स्वस्त झाले, पण घरच्या फोनचे बिल वाढले. असे का झाले?
३. तुमच्या घरी रिचार्जला महिन्याला किती पैसे लागतात? दोन कंपन्यांचे भाव विचारून वहीत शेजारी शेजारी लिहा.
४. मावशी आणि दादा यांच्यात तुम्ही कोणाच्या बाजूचे? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.